भावोजींची सेटिंग आणि बाबांचं भाषण

तीर्थस्वरूप भावोजी,

मुळीच नाही. चूक माझ्या टोकाला नव्हती, तुमच्याच टोकाला होती. हे मी फोनवर सांगितलं, मेसेज करून सांगितलं, ताईमार्फत सांगितलं, आणि आता कागदावर सांगतोय. मेसेज केला की तुम्ही खाली एक अंगठा चिकटवता आणि मोकळे होता. त्या अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' असा, 'पटलं' असा की 'गप बस' असा, हे मला आजवर कळलेलं नाही. कागदावर तो चिकटवता येत नाही म्हणून हे पत्र. आमच्यातला एकजण सुट्टीवर घरी निघालाय, त्याच्या हाती देतोय. शेवटपर्यंत वाचा. मधूनच चार्जर शोधायला उठू नका.

नमस्कार राहिला, तो घ्या. ताईला आठवण सांगा, भाच्यांच्या पाठीत एकेक धपाटा माझ्या वतीने घाला. तुमची मान दुखते असं ऐकलं. दुखणारच. मान माणसाला वर बघण्यासाठीही दिलेली असते, हे डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर मी सांगतो. (फी घेत नाही.) माझी तब्येत तुम्ही विचारणार नाही, पण पत्राची रीत म्हणून सांगतो, बरी आहे. धुलाईच्या वाफेने हात तेवढे सोलवटलेत, पण इथे माझ्या हाताकडे कोण बघतंय? चादर पांढरी निघाली की झालं.

आता मुद्दा. मुद्दा तुम्हाला ठाऊक आहे, पण तुम्हाला ठाऊक असलेली गोष्ट सहसा चुकीची असते, म्हणून पहिल्यापासून सांगतो. बाबा कारखान्यातून निवृत्त होणार, निरोपाचा कार्यक्रम कारखान्याच्याच सभागृहात होणार आणि त्यात बाबा बोलणार, हे मला आईने कळवलं. बाबा बोलणार! ज्या माणसाने उभ्या जन्मात नट-बोल्टांशिवाय कुणाशी मन मोकळं केलं नाही, तो माईकसमोर उभा राहणार. पुढे आईने आवाज बारीक केला आणि म्हणाली, रोज दाढी करताना आरशासमोर पाठ म्हणतात, आणि त्यात दोनदा 'माझा धाकटा' असं ऐकू आलं. पुढचं काय, ते नळाच्या आवाजात गेलं. तिने कान देऊन ऐकावं म्हटलं तर बाबा तिला बघून गप्प होतात आणि तोंडाला जास्तीचा फेस लावतात.

मी घर सोडून निघालो तेव्हापासून बाबा माझ्याशी सरळ बोलत नाहीत. त्यांच्या जागी, त्यांच्याच मशीनवर लागायचं सोडून पोरगं परमुलखात लोकांच्या चादरी धुवायला गेलं, हे त्यांच्या घशाखाली अजून उतरलेलं नाही. (मला ते मशीन लहानपणापासून आवडत नाही. ते सारखं एकच गोष्ट करतं. इथेही मी सारखी एकच गोष्ट करतो, पण ती मी निवडलेली आहे.) फोन केला की आई बोलते आणि बाबा तिच्या शेजारी उभे राहून तिला सांगतात, 'विचार त्याला, जेवला का.' मला स्वच्छ ऐकू येतं. मी म्हणतो, 'सांग त्यांना, जेवलो.' आई म्हणते, 'जेवला म्हणतोय.' एका फोनवर तीन माणसं, त्यातल्या दोघांना एकमेकांचं सगळं ऐकू येतंय आणि दोघेही मुके. गल्लीत मात्र त्यांनी सांगून ठेवलंय, 'तो काही टिकायचा नाही, येईल परत.' त्या माणसाच्या तोंडून, चारचौघांत, माईकवर माझा विषय निघणार होता. चांगला निघतोय की वाईट, एवढंच मला ऐकायचं होतं. बाकीचं भाषण, साहेबांचे आभार, भेटीचं ते भिंतीवरचं घड्याळ, चहा-बिस्किटं, सगळं तुम्हाला लखलाभ. मला एक वाक्य हवं होतं. एक!

आणि नेमका तोच कार्यक्रम मोबाइलवरून लाइव्ह दाखवायचं काम तुम्ही अंगावर घेतलंत. घेतलंत म्हणजे काय, कुणी देत नव्हतं. ताई म्हणत होती की कारखान्यातलाच एक फोटोवाला आहे, तो करील. पण तुम्ही कसले ऐकता! एकदा शेजाऱ्यांचा बंद टीव्ही तुम्ही थोबाडीत मारल्यावर सुरू झाला, तेव्हापासून आपल्या घराण्यात यंत्रातलं कळणारा माणूस म्हणजे तुम्ही, असं ठरून गेलंय. तो टीव्ही चार दिवसांनी कायमचा गेला, हे कुणी लक्षात ठेवत नाही. थापट मारणारा लक्षात राहतो, मेलेला टीव्ही विसरला जातो. जगाची रीतच आहे.

मग तुमचे मेसेज सुरू झाले. लिंक आली की ती तशीच उघडायची नाही, तसं 'अडाणी लोक' बघतात, असं तुम्ही लिहिलंत. (मी शाळा अर्ध्यात सोडली हे तुम्हाला ठाऊक असताना लिहिलंत. असो.) आधी एक वेगळा प्लेअर उतरवून घ्यायचा, त्यात लिंक टाकायची आणि मग त्याच्या पोटात शिरून सेटिंग बदलायची. बरं, शिरलो. आत काय ते दालनांवर दालनं, एकात शिरावं तर चार दारं उघडी, आणि प्रत्येक दारावर मला न कळणारा एक शब्द. तुम्ही म्हणालात, हार्डवेअरवाला खटका चालू करा. केला. मग म्हणालात, तुमचा मोबाइल स्वस्तातला असेल तर बंद करा. केला. माझा मोबाइल स्वस्तातला आहे हे कुणामुळे? तोसुद्धा तुम्हीच निवडून दिला होतात, 'यात सगळं आहे' म्हणून. यात सगळं आहे, फक्त चालत नाही.

चाचणी म्हणून तुम्ही तुमच्या घरातला छताचा पंखा लाइव्ह दाखवलात. मी इथे चादरींच्या ढिगावर पालथा पडून तुमचा पंखा बघतोय. जगात कुणी कुणाला दाखवलं नसेल असं दृश्य! एक खटका दाबला की पंखा हिरवा, दुसरा दाबला की जांभळा, तिसऱ्याने उलटा फिरायला लागला. चित्राचा दर्जा सगळ्यात वर ठेवा म्हणालात. ठेवला, तर एक पातं आलं आणि पंखा थांबला. सगळ्यात खाली ठेवा म्हणालात. ठेवला, तर तो पंखा आहे की भाकरी हे समजेना. मग 'फ्रेम सोडून द्या' अशी काहीतरी सेटिंग सापडली. ती केल्यावर पंखा सुरळीत फिरला, पण आवाज आधी आणि तोंड मागून. म्हणजे काय, तर ताई चित्रात आली, तोंड मिटलेलं, आणि तिचा आवाज मात्र खणखणीत आला: 'यांना पंखा दाखवायला वेळ आहे, पंखा पुसायला नाही.' ती गेली तेव्हा तिचं तोंड हललं. भावोजी, तुमच्या सगळ्या सेटिंगमधून माझ्यापर्यंत धडपणे पोचलेलं हे एकमेव वाक्य.

आणि मग तुमची ती टाकी. तुम्ही भला मोठा आवाजाचा मेसेज पाठवलात, मध्येमध्ये खोकत. म्हणालात, व्हिडिओ म्हणजे नळाचं पाणी आहे, इंटरनेट म्हणजे पाइप, आणि प्लेअरमध्ये 'नेटवर्क कॅशिंग' नावाचा एक आकडा असतो, ती गच्चीवरची टाकी. टाकी मोठी ठेवली की मागचं पाणी गेलं तरी नळाची धार तुटत नाही. तेव्हा आकडा वाढवा. किती वाढवू विचारलं, तर तुमचं उत्तर, 'जितका जास्त तितकं चांगलं. एखादं शून्य वाढवा.' मी वाढवलं. अडकलं. आणखी एक वाढवलं. आता तो आकडा कसला, किलोचा की कोसाचा, हे तुम्ही सांगितलं नाहीत, कारण ते तुम्हालाच ठाऊक नव्हतं. शून्याला किंमत नसते, एवढं गुरुजींनी आम्हाला शिकवलं होतं. तेच शून्य उजवीकडे लागलं तर काय करतं, हे शिकवायच्या आत मी शाळा सोडली. मला इथे राहून आता कळलंय की टाकी मोठी असली तर ती आधी भरावी लागते, आणि ती भरेपर्यंत नळाखाली बसलेला माणूस अंगाला साबण लावून बसून राहतो. पण हे तुम्हाला कोण सांगणार? तुम्ही कधी दुसऱ्यासाठी टाकी भरत बसलायत?

कार्यक्रमाचा दिवस उजाडला. तो बघायला मिळावा म्हणून मी काय केलं ते ऐका. आमच्या धुलाईखान्यात इंटरनेटचं यंत्र मुकादमीणबाईंच्या केबिनच्या भिंतीवर आहे, आणि त्याची रेंज केबिनबाहेर फक्त एका कोपऱ्यात पोचते, जिथे घडी केलेल्या चादरींच्या चळती असतात. बाई माणूस म्हणून वाईट नाहीत, पण त्यांनी फुकट कुणाला कधी घामसुद्धा पुसू दिलेला नाही. जेवणाची सुट्टी कार्यक्रमाच्या वेळेला मिळावी आणि पासवर्डही मिळावा, याच्या बदल्यात मी हॉस्पिटलातून येणारे कपडे महिनाभर निवडायचं काम पत्करलं. ते कपडे कसे असतात हे लिहीत नाही, तुम्ही हे पत्र जेवताना वाचाल. इथे ते काम कुणी मागून घेत नाही. बाईंनी मला दोनदा विचारलं, 'नक्की?' मी म्हटलं, 'नक्की. वडील बोलणार आहेत.' त्या म्हणाल्या, 'माझे वडील रोज बोलायचे, कुणी ऐकत नव्हतं.' आणि पासवर्ड दिला.

माझ्याबरोबर भोंगा होता. भोंगा म्हणजे माझ्या खोलीतला, माझ्या वरच्या बाकावर झोपणारा. वॉशरवर काम करून करून त्याला हळू बोलणंच येत नाही, झोपेतसुद्धा ओरडतो, म्हणून भोंगा. तो वेगळ्या मुलखाचा. आपल्या भाषेतल्या त्याला फक्त शिव्या येतात, त्यासुद्धा मी शिकवलेल्या. तो म्हणाला (हातवारे करून), तुझा बाप म्हणजे माझा बाप, मीही बघणार. त्याचा मोबाइल माझ्याहून जुना, काच तडकलेली, तडे इतके की मधमाश्यांचं पोळं वाटावं. त्याने काय केलं? काही नाही. लिंक आली, बोट लावलं. अडाणी माणसासारखं. आणि भावोजी, कान उघडे ठेवून वाचा, त्याचं चाललं. लोण्यासारखं चाललं. सभागृह, खुर्च्या, मागचा फलक, तुमचा अंगठा (भिंगावर आलेला), सगळं स्वच्छ. माझ्याकडे मात्र नुसतं भिरभिरं फिरतंय आणि खाली लिहिलंय, 'थांबा'. टाकी भरत होती.

माझं सुरू झालं तेव्हा भोंग्याच्या मोबाइलमध्ये बाबांना घड्याळ मिळून गेलं होतं. माझ्याकडे साहेब अजून खिशातून चष्मा काढत होते. एकाच कोपऱ्यात, हातभर अंतरावर, एकच कार्यक्रम दोनदा, एक पुढे एक मागे. माझ्याकडे साहेब बोलायला तोंड उघडतायत तोच शेजारून टाळ्यांचा कडकडाट. विनोद व्हायच्या आधी हसू. भोंगा मला कोपराने ढोसायचा, म्हणजे 'बघ बघ,' की माझं लक्ष उडायचं. शेवटी मी चिडलो. म्हटलं, अरे बाबा, तुझं पुढचं मला आत्ता नको, माझं मला आपल्या क्रमाने येऊ दे. आणि हात लांब करून त्याच्या मोबाइलचा आवाज पार बंद केला. भोंग्याने मला माझ्याच भाषेतली शिवी दिली आणि मुकाट बघत बसला.

मध्ये तुम्ही काय काय दाखवलंत, त्याचा हिशोब द्या. सभागृहाचं छत. (पंख्याची सवय जाईना.) बिस्किटांचं ताट, जवळून. मग मोबाइल उलटा करून स्वतःचा चेहरा, आणि 'मित्रांनो, चित्र कसं दिसतंय ते खाली लिहा.' तिथे एक माणूस सगळ्या हयातीचा निरोप घेतोय आणि तुम्ही विचारताय, तुम्ही कसे दिसताय! मी लिहिलं होतं खाली, वाचलं असेलच. आईला ते वाचून दाखवू नका.

मग बाबा उठले. माझ्याकडे उठले. भोंग्याकडे ते केव्हाच बोलत होते. इस्त्री केलेला शर्ट, खिशाला पेन (ज्यात कधी शाई नव्हती), माईक त्यांनी आधी हाताने हलवून पाहिला, नट ढिला आहे का म्हणून. ढिला होता. त्यांनी तो आवळला. सभागृह हसलं. मलाही हसू आलं. ते म्हणाले, 'मी काही बोलणारा माणूस नाही.' म्हणाले, मशीनने कधी उलट उत्तर दिलं नाही, म्हणून तिच्याशी जमलं. लोक पुन्हा हसले. शेजारी भोंग्याने अचानक माझा दंड धरला आणि तडकलेली काच माझ्या तोंडासमोर आणली. मी ती ढकलली. ढकलताना एवढंच दिसलं की बाबांनी चष्मा काढून हातात घेतलाय. मी ओरडलो, 'थांब! माझं येतंय!' आणि माझं आलं. माझ्या मोबाइलमध्ये बाबा म्हणाले, 'आता घरातलं एक सांगतो. माझा धाकटा...'

आणि अडकलं.

बाबा तोंड उघडून थांबले. वर भिरभिरं. भावोजी, मी त्या वेळी एका जागी शांत बसलो असतो तर टाकीत सगळं होतं हो. बाबांचं सगळं वाक्य, पुढचं-मागचं, माझ्या मोबाइलच्या पोटात येऊन पडलेलं होतं. श्वासभर थांबलो असतो तर धार परत लागली असती. पण मला तुमचा मेसेज आठवला. ठळक अक्षरांत, तीन उद्गारचिन्हं लावून: 'अडकलं तर घाबरू नका, कॅश क्लिअर करा!!!' मी घाबरलो नाही. मी कॅश क्लिअर केली. म्हणजे काय केलं? तळाची तोटी उघडून टाकी मोरीत ओतली. बाबांचं आरशासमोर पाठ केलेलं वाक्य वाहून गेलं. प्लेअर खडबडून जागा झाला, एकदम ताजा झाला, एकदम लाइव्ह झाला, आणि काचेवर कोण? तुम्ही. दात काढून. 'धन्यवाद मित्रांनो, कार्यक्रम संपला.' काळोख.

मी भोंग्याकडे वळलो. म्हटलं, काय बोलले? त्याने माझ्याकडे असं बघितलं की तसं आजवर कुणी बघितलेलं नाही. मग आवाजाच्या बटणाकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे. बरोबरच होतं. आवाज मी बंद केला होता. चालू असता तर त्याला कळलं नसतं, पण मला ऐकू आलं असतं. मग त्याने मला करून दाखवलं: चष्मा काढला, छातीवर हात ठेवला, मान हलवली. आता मान उभी हलवली की आडवी, यावर आमचं भांडण झालं. भोंग्याच्या मुलखात 'हो' म्हणायला मान आडवी हलवतात. एकदा तो अशी हलवतो, एकदा तशी. मी त्याला म्हटलं, तुझ्या मानेवर माझं आयुष्य अडकलंय, नीट सांग. त्याने मला आणखी एक शिवी दिली आणि जाऊन ड्रायर रिकामा करायला लागला. माझ्या वाटणीचाही त्यानेच केला.

बरं, मग घरच्यांना विचारावं. ताईला फोन केला. 'काय बोलले गं बाबा?' तर ती 'काय बोलले रे बाबा...' एवढं म्हणून रडायलाच लागली. दुसऱ्यांदा विचारलं, दुसऱ्यांदा रडली. रडणं चांगल्याचं की वाईटाचं, विचारलं, तर म्हणाली, 'तुला मेल्या काही कळतच नाही.' आईला विचारलं. ती म्हणाली, 'चांगलं बोलले.' म्हटलं, चांगलं म्हणजे काय? तर, 'चांगलं म्हणजे चांगलं. साहेबसुद्धा म्हणाले, चांगलं बोललात.' शब्द विचारले तर म्हणते, 'माझं सगळं लक्ष त्यांच्या पायांकडे होतं रे. चष्मा काढून पायरीच्या कडेला उभे होते. पडतात की काय वाटलं.' तिला तरी काय बोलणार, नवरा पडतोय की काय हे बघताना शब्द कुणाला ऐकू येणार?

राहिलात तुम्ही. तुम्ही तर मोबाइल हातात धरून सगळ्यांत पुढे उभे. बाबांपासून दोन हातांवर. तुम्हाला विचारलं तर तुमचं उत्तर मी अजून जपून ठेवलंय: 'मी त्या वेळी आवाजाची लेव्हल बघत होतो.' आवाजाची लेव्हल बघत होतात! आवाज कोणाचा, त्यात शब्द कोणते, याच्याशी तुमचं देणंघेणं नाही. हिरवी कांडी वर गेली, खाली आली, छान. माणूस मेला तरी तुम्ही म्हणाल, लेव्हल उत्तम होती.

आणि वर कळस. लिंक तर कार्यक्रमाबरोबरच बंद झाली, पण त्याची एक कॉपी तुमच्या मोबाइलमध्ये आपोआप उतरली होती. ती तुम्ही पुसलीत, जागा भरली म्हणून. जागा कशासाठी हवी होती? नवीन व्हिडिओसाठी. कसल्या? मी बघितला तो. 'लाइव्ह व्हिडिओ न अडकता कसा बघावा: सोप्या सेटिंग.' मागे तोच पंखा, अजून न पुसलेला. आणि भावोजी, तो व्हिडिओ माझ्याकडे एकदाही अडकला नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, अखंड, तुमच्या प्रत्येक खोकल्यासकट. नशीब बघा. जे ऐकायला जीव टाकला ते मोरीत, आणि तुमचं पाल्हाळ मात्र पाझरत राहिलं.

तेव्हा चूक कुणाच्या टोकाला होती, हे आता तुम्हीच ठरवा. मला तुमच्याशी यापुढे बोलायचं नाही. ताईचे यजमान म्हणून नमस्कार करीन, पाया पडायची वेळ आली तर वाकीन, पण सेटिंग या विषयावर तुमचं-माझं नातं संपलं. प्लेअर मी काढून टाकलाय. थोरांना नमस्कार, लहानांना पापा.

आपला मेहुणा

ता. क. हे पत्र ताईला वाचू देऊ नका. ती तुमची बाजू घेईल, आणि मग मला तिच्यावरही पत्र लिहावं लागेल. कागद महाग आहे.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, पण न्यायचा माणूस उद्या निघणार म्हणून पुन्हा उघडलंय. आज बाबांचा फोन आला. आईचा नाही, बाबांचा. स्वतः. शेजारी कुणी नाही. मला वाटलं, काही वाईट घडलं. ते म्हणाले, 'काय, कामावर का?' मी म्हटलं, हो. म्हणाले, 'त्या दिवशी दिसलं का तिकडे?' म्हटलं, दिसलं. मग म्हणाले, 'ऐकू आलं का?'

भावोजी, त्या आवाजाला 'नाही' कसं म्हणायचं? मी म्हटलं, 'आलं. सगळं आलं.' ते म्हणाले, 'मग झालं तर. असलं काही पुन्हा पुन्हा बोलता येत नाही.' आणि 'जेवलास का' असं मला विचारलं. मला! सरळ! मी 'सांग, जेवलो' म्हणणार होतो, सवयीने. 'जेवलो' म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

आता मी त्यांना विचारू शकत नाही. कधीच नाही. त्यांना वाटतंय मी ऐकलं, आणि ते त्यावर माझ्याशी बोलायला लागलेत. उद्या ते म्हणाले की 'मी त्या दिवशी म्हटलं तसं,' तर मी काय म्हणू?

म्हणून शेवटचा ता. क., आणि खरं काम हेच. वर जे काही लिहिलंय ते रागाच्या भरात, मनावर घेऊ नका. आपल्या घरात मोबाइलमधलं तुमच्याइतकं कळणारं दुसरं आहे कोण? इथे एकाने सांगितलं की पुसलेला व्हिडिओ लगेच मरत नाही, मोबाइलच्या तळाशी पडून राहतो, आणि तो वर काढणारे दुकानदार असतात. पण त्यावर नवीन काही बसलं की तेवढा भाग कायमचा जातो. तुमच्या त्या सेटिंगच्या व्हिडिओने किती खाल्लं, देव जाणे. तेव्हा हात जोडून विनंती, हे पत्र मिळाल्या क्षणापासून त्या मोबाइलला हात लावू नका. पंखा नाही, बिस्किटं नाहीत, स्वतःचा चेहरा तर नाहीच. बंद करा, फडक्यात गुंडाळा, ताईच्या हातात द्या आणि तिला बरोबर घेऊन चांगल्या दुकानात जा. सगळं नाही मिळालं तरी चालेल, 'माझा धाकटा' पासून पुढचं मिळालं तरी पुरे. दुकानदाराला कुठलीही सेटिंग सांगू नका. तो मागेल ते द्या, घासाघीस करू नका, घाईही करू नका. वाईट निघालं तरी पाठवा. जसं असेल तसं.

पाकिटात पैसे आहेत. घरखर्चाचे नेहमीप्रमाणे बँकेतून जातीलच, ते वेगळे. हे त्या एका वाक्याचे: एकोणीस हजार सहाशे.